मुंबईतील इस्टेट एजंट आणि घरांचे मूल्यांकनकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फेरविक्रीचे व्यवहार करणारे एजंट बँकेच्या मूल्यांकनाविषयी, म्हणजे बोलीभाषेत ज्याला ‘टेक्निकल’ म्हणतात त्याविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांमागची भूमिका एकच आहे: पडताळून पाहता येईल अशी माहिती मूल्यांकनकाराला पाहणीच्या आधी मिळवून देणे हे एजंटाचे काम आहे आणि आकडा ठरवणे हे मूल्यांकनकाराचे. जेथे एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेडी रेकनरचा दर, करारातील किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत हे तीन आकडे वेगवेगळे का येतात?

कारण तिघांचे हेतू वेगळे आहेत. रेडी रेकनर, म्हणजेच वार्षिक मूल्य दर तक्ता, राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी जाहीर करतो. तो विभागवार दर असतो. एका विशिष्ट इमारतीची देखभाल कशी आहे किंवा एका विशिष्ट फ्लॅटमध्ये उजेड किती येतो, हे त्याला ठाऊक नसते. करारातील किंमत ही दोन पक्षांनी घासाघीस करून मान्य केलेली रक्कम असते आणि तिच्यात विक्रेत्याची घाई किंवा खरेदीदाराची ओढही मिसळलेली असते. मूल्यांकनकार मात्र असा प्रश्न विचारतो की, कोणतीही घाई किंवा सक्ती नसलेल्या, माहितगार खरेदीदाराने आणि विक्रेत्याने आजच्या तारखेला हे घर कितीला घेतले-दिले असते. बँकेच्या अहवालात त्याखेरीज लवकर विकावे लागल्यास मिळू शकणारी कमी किंमतही बऱ्याचदा दिलेली असते. हा फरक ग्राहकाला टोकन, म्हणजे सौदा पक्का करण्याची बयाणा रक्कम, देण्याआधी समजावून सांगितला, तर पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

२. मूल्यांकनकाराची नेमणूक कोण करते आणि तो कोणाला उत्तरदायी असतो?

गृहकर्जाच्या व्यवहारात नेमणूक बँक किंवा गृहवित्त कंपनी करते, शुल्क प्रत्यक्षात बहुधा कर्जदाराकडून वसूल होते आणि अहवाल मात्र बँकेचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मूल्यांकन व्यावसायिक पात्रता असलेल्या स्वतंत्र व्यक्तीने करायचे असते, तिचा त्या मालमत्तेत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये आणि ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावे लागतात. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारत या वर्गासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकारांची स्वतंत्र व्यवस्था आहे, तथापि कर्जासाठी कोणाला आपल्या पॅनेलवर, म्हणजे मान्य मूल्यांकनकारांच्या यादीवर, घ्यायचे हे बँक स्वतःच्या धोरणानुसार ठरवते. त्यामुळे ‘मी पैसे भरले, मग अहवाल माझा का नाही’ असे ग्राहक विचारतो तेव्हा, तो अहवाल बँकेने स्वतःची जोखीम मोजण्यासाठी मागवलेला असतो, एवढे शांतपणे सांगावे.

३. मूल्यांकन थोडे कमी आले तर कर्जावर नेमका किती परिणाम होतो?

रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या तुलनेत कर्जाची कमाल मर्यादा घालून दिली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. बँका साधारणतः करारातील किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी कमी असेल ती धरतात. समजा, करार १ कोटी २० लाखांचा आहे आणि मूल्यांकन १ कोटी १० लाखांचे आले, तर कमाल कर्ज ९० लाखांऐवजी ८२ लाख ५० हजार होईल आणि खरेदीदाराला आणखी साडेसात लाख रुपये स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतील. शिवाय काही अल्प किमतीची घरे वगळता मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या हिशोबातील किमतीत धरता येत नाही. मुंबईत मेट्रो अधिभारासह सहा टक्के शुल्क धरले, तर वरील उदाहरणात ७ लाख २० हजार रुपये आणि नोंदणीचे ३० हजार रुपये वेगळे लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी या दोन रकमा एकत्र आल्या की व्यवहार मोडायची वेळ येते. म्हणून खरेदीदाराची स्वतःची रक्कम ठरवताना मूल्यांकन थोडे कमी येईल असे गृहीत धरूनच हिशोब मांडावा.

४. पाहणीच्या आधी कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

आधीच्या करारांची साखळी आणि प्रत्येक कराराची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), भागप्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचे अलीकडचे देखभाल बिल, मालमत्ता कराचे बिल, मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणि जमिनीचे मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड). यांपैकी मंजूर नकाशा सर्वांत जास्त वेळा गहाळ असतो आणि मूल्यांकनकाराला सर्वांत जास्त तोच लागतो. सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून प्रत काढायला वेळ लागतो, त्यामुळे विक्रीचा अधिकार हाती येताच तो शोधायला लागावे. इमारतीला तीस वर्षे होऊन गेली असतील तर संरचनात्मक तपासणीचा (स्ट्रक्चरल ऑडिटचा) अहवालही जोडावा (प्रश्न १० पाहा).

५. पाहणीच्या वेळी मी हजर राहावे का?

अवश्य राहावे आणि वेळेवर राहावे. वॉचमनच्या वहीत नोंद, लिफ्टची चावी, गच्ची आणि पार्किंग दाखवण्याची परवानगी, बंद खोलीची किल्ली या गोष्टी एजंटाने आधीच जमवून ठेवल्या, तर मूल्यांकनकाराचा वेळ घर पाहण्यात जातो. मुंबईत एका दिवशी अनेक पाहण्या करणारा माणूस लोकलने किंवा रिक्षाने घाम गाळत पोहोचलेला असतो. त्याला दारात अर्धा तास उभे करणे हे सौजन्याला धरून नाही आणि कामाच्या दृष्टीनेही घातक आहे. घरात शिरल्यावर त्याला मोजमाप आणि छायाचित्रे घेऊ द्यावीत, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि जे ठाऊक नाही ते सोसायटीच्या सचिवाला विचारून कळवतो, असे सांगावे. अंदाजाने दिलेले उत्तर पुढे कागदाशी जुळले नाही, तर बाकीच्या खऱ्या माहितीवरचा विश्वासही उडतो.

६. ‘एवढा आकडा आला तर बरे होईल’ असे सुचवले तर चालते का?

चालत नाही. कराराची प्रत बँकेने दिलेली असते, त्यामुळे मान्य झालेली किंमत मूल्यांकनकाराला बहुधा ठाऊकच असते. त्यावर भर देणे हा दबाव ठरतो. भेटवस्तू, ‘चहापाणी’ किंवा पुढील कामे देण्याचे आमिष यांचाही येथेच समावेश होतो. उलट दिशेने कोणी पैशांची मागणी केली, तर ती नाकारून बँकेच्या शाखेला लेखी कळवावे.

७. मग तुलनेसाठी व्यवहार दिले तर तो हस्तक्षेप होतो का? आणि ते कसे द्यावेत?

नोंदणीकृत व्यवहारांची माहिती देणे हा हस्तक्षेप नव्हे. माझ्या मते एजंटाकडून मूल्यांकनकाराला मिळू शकणारी ही सर्वांत मोलाची मदत आहे. रोज त्याच चार गल्ल्यांत फिरणाऱ्या एजंटाला कोणत्या इमारतीत काय घडले याची जी जाण असते, ती सकाळी भांडुपला आणि दुपारी माहीमला पाहणी करणाऱ्या मूल्यांकनकाराला असेलच असे नाही. मात्र ही माहिती पडताळता येईल अशा रूपात द्यायला हवी.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेत गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून सूची क्रमांक २ पाहता येते. तीमधून त्याच इमारतीतील, नाहीतर त्याच रस्त्यावरील आणि साधारण त्याच वयाच्या इमारतीतील अलीकडचे तीन-चार व्यवहार निवडावेत आणि प्रत्येकाचा दस्त क्रमांक, तारीख, मजला, क्षेत्रफळ आणि मोबदला लिहून द्यावा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये आहे की चौरस फुटांत, चटई (कार्पेट, घराच्या आतील वापराची जागा) आहे की बिल्ट-अप (भिंतींची जाडीही धरून), आणि मोबदल्यात पार्किंग धरले आहे का, हे प्रत्येक दस्तात तपासावे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, आणि या रूपांतरातच अनेक चुका शिरतात. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि पुनर्विकासातील पर्यायी जागेचे (जुन्या घराच्या बदल्यात नवे घर देण्याचे) करार हे खुल्या बाजारातील विक्रीचे व्यवहार नसल्यामुळे ते यादीत घालू नयेत. संकेतस्थळांवरील जाहिरातींतील भाव हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नसतात, म्हणून तेही बाजूला ठेवावेत.

आपल्या बाजूचे तेवढे उंच व्यवहार निवडण्याचा मोह टाळणे फार आवश्यक आहे. त्याच इमारतीत गेल्या वर्षी एक फ्लॅट कमी दराने गेला असेल, तर तोही यादीत द्यावा आणि तो तळमजल्यावर होता किंवा वारसांनी घाईने विकला होता, असे जे कारण आपल्याला माहीत असेल ते सोबत लिहावे. मूल्यांकनकार तो व्यवहार शोधून काढणारच असतो. आपण तो लपवल्याचे दिसले तर पूर्ण यादी निकामी होते. रुळांच्या पलीकडचा व्यवहार देतानाही विचार करावा, कारण विलेपार्ले पूर्व आणि पश्चिम एकाच स्थानकाच्या दोन बाजूंना असले तरी खरेदीदार त्यांना एक बाजार मानत नाहीत.

मेट्रोविषयीही येथेच सांगतो, कारण ‘स्टेशन जवळ आले, मग भाव का धरला नाही’ ही तक्रार सतत येते. दहिसर ते अंधेरी या पट्ट्यातील २ अ आणि ७ या मार्गिका जानेवारी २०२३ पासून पूर्ण धावत आहेत आणि मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. सुरू झालेल्या मार्गिकेचा परिणाम त्यानंतरच्या नोंदणीकृत व्यवहारांत उतरलेला असतो, त्यामुळे त्यासाठी वेगळी भर घालण्याचे कारण उरत नाही. आणि जी मार्गिका अजून बांधली जात आहे तिच्या भरवशावर बँक आज कर्ज देणार नाही.

८. करारात ६५० चौरस फूट लिहिले आहे आणि मूल्यांकनकाराने ५२० मोजले. चूक कोणाची?

बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते. मुंबईतील जुन्या करारांत बिल्ट-अप क्षेत्र लिहिण्याची प्रथा होती, काही ठिकाणी जिना-लॉबीचा वाटा धरून सुपर बिल्ट-अप लिहिले जाई, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्यानुसार चटई क्षेत्रात आतील भिंती धरल्या जातात आणि बाहेरील भिंती, सेवा नलिकांच्या जागा, खाजगी बाल्कनी व उघडी गच्ची वगळली जाते. प्रत्यक्ष मोजणी करणारा टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत लावतो, त्यामुळे त्याचा आकडा आणखी थोडा वेगळा येऊ शकतो.

खरी अडचण फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची झाडांसाठीची जागा), निश (भिंतीतील खोलगट जागा) आणि बंद केलेल्या बाल्कनीची असते. जानेवारी २०१२ मध्ये विकास नियंत्रण नियमावली बदलेपर्यंत फ्लॉवर बेडसारखे भाग चटई क्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण) मोजले जात नसत, आणि त्या काळातील असंख्य इमारतींत ते भाग नंतर खोलीत मिसळून घेतले गेले. रहिवाशाच्या दृष्टीने ती खोलीच असते; मंजूर नकाशात मात्र ती खोली नसते. दक्ष मूल्यांकनकार अशा जागेची किंमत धरत नाही किंवा अत्यंत कमी धरतो आणि अहवालात नोंदही करतो. दोन फ्लॅटमधील भिंत पाडून एक घर केले असेल, तर महापालिकेची परवानगी आहे का, दोन्ही भागप्रमाणपत्रे कोणाच्या नावावर आहेत आणि गरज पडल्यास ती दोन घरे पुन्हा वेगळी करता येतील का, हे प्रश्न येतात. यांवर उत्तम उपाय असा की जाहिरात करण्याआधीच स्वतः मोजून, मंजूर नकाशाशी ताडून, जाहिरातीत चटई क्षेत्रच लिहावे. म्हणजे खरेदीदार आणि मूल्यांकनकार या दोघांना एकच आकडा दिसतो.

९. पार्किंगची किंमत वेगळी धरली जाते का?

जागेचा प्रकार आणि कागद यांवर ते अवलंबून आहे. स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेतील) पार्किंग विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नाहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात दिला. जुन्या सोसायट्यांत ती जागा सोसायटीकडून वापरासाठी दिलेली असते. त्यामुळे ‘पार्किंग आहे’ असे म्हणण्याऐवजी सोसायटीचे वाटपपत्र द्यावे. पत्र नसेल तर किंमत धरली जाणार नाही, असे समजून चालावे.

१०. इमारतीला ओसी नाही, किंवा ती फार जुनी आहे. मूल्यांकन होईल का?

किंमत काढता येते, पण कर्ज देणे हा बँकेचा स्वतंत्र निर्णय असतो आणि ओसी नसलेल्या इमारतीला अनेक बँका नकार देतात. म्हणून ओसी नसल्याची गोष्ट कर्ज अर्जाच्या वेळीच सांगावी. मूल्यांकनकाराच्या शोधातून ती बाहेर येण्याची वाट पाहू नये.

जुन्या इमारतींबाबत, मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. उर्वरित आयुष्याचा अंदाज मांडताना मूल्यांकनकाराला या अहवालाचा मोठा आधार मिळतो, कारण बँक कर्जाची मुदत त्या आयुष्याशी ताडून पाहते. इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवून रिकामी करण्यास सांगितली असेल, तर नेहमीच्या गृहकर्जाचा विषयच संपतो.

११. सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे. मोठे घर मिळणार, ही गोष्ट किमतीत धरायला सांगू का?

नुसता ठराव असेल तर नाही. नोंदणीकृत विकास करार, सभासदाचा पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार आणि प्रारंभ प्रमाणपत्र यांपैकी जे हाती आहे ते मूल्यांकनकारापुढे ठेवावे आणि त्यावरून त्याला ठरवू द्यावे. विमानतळाच्या परिसरात उंचीच्या मर्यादेमुळे, तर काही ठिकाणी किनारा नियमांमुळे कागदावरचे क्षेत्र प्रत्यक्षात बांधता येत नाही, आणि वर्षानुवर्षे अडकलेले प्रकल्प या शहराने पुष्कळ पाहिले आहेत. जुने घर पाडून झाले असेल आणि नवे उभे राहिलेले नसेल, तर त्या टप्प्यावर पाहण्यासारखे घरच नसते. अशा हक्कावर कर्ज मिळेल का हे आधी बँकेला विचारावे.

१२. पागडीची खोली किंवा शासकीय जमिनीवरील सोसायटीतील फ्लॅट असेल तर?

पागडीत रहिवासी मालक नसून भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मुळे पागडी घेणे-देणे कायदेशीर झाले, तरी तारणासाठी लागणारी मालकी त्याने मिळत नाही, म्हणून बँका साधारणतः त्यावर गृहकर्ज देत नाहीत. शासकीय जमिनीवरील सोसायट्यांमध्ये हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि काही वेळा अधिमूल्य लागते. ही अट मालमत्ता पत्रकावरून आधीच लक्षात येते. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घराला ठरावीक मुदतीचा विक्रीनिर्बंध असतो. या सर्व बाबी मूल्यांकनाच्या दिवशी नव्हे, विक्रीचे काम स्वीकारतानाच तपासायच्या असतात.

१३. मूल्यांकन कमी आले आहे आणि ते चुकीचे आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. काय करावे?

मूल्यांकनकाराला थेट फोन करून वाद घालू नये. खरेदीदाराने बँकेला लेखी विनंती करावी आणि तीत फक्त तपासता येतील अशा चुका दाखवाव्यात: मजला चुकला, चौरस मीटरचे चौरस फूट करताना गफलत झाली, वाटपपत्र असूनही पार्किंग वगळले, किंवा तुलनेला वेगळ्या विभागातील इमारत घेतली. प्रत्येक मुद्द्याबरोबर कागद जोडावा. ‘बाजारात याहून जास्त भाव आहे’ एवढ्या वाक्यावर कोणताही अहवाल बदलत नाही आणि बदलूही नये.

चूक सापडली नाही, तर किमतीवर पुन्हा बोलणे, खरेदीदाराने स्वतःची रक्कम वाढवणे किंवा दुसऱ्या बँकेकडे जाणे हे मार्ग उरतात. माझा सल्ला असा की विक्रेत्याला अहवालाची कारणे सांगून आधी किमतीवर बोलावे, कारण तो आकडा योग्य असेल तर पुढच्या खरेदीदाराच्या बँकेतही तसाच अनुभव येण्याची शक्यता असते.

१४. दोन बँकांच्या मूल्यांकनांत फरक आला. जास्त आकडा देणारी बँक निवडायची का?

थोडा फरक स्वाभाविक आहे, कारण किंमत हे मत असते. फरक मोठा असेल तर दोन्ही अहवालांत क्षेत्रफळ कोणते धरले आहे हे बँकांना विचारून घ्यावे. कारण बहुधा तेथेच सापडते (प्रश्न ८). बँक निवडताना व्याजदर आणि अटी पाहाव्यात. मूल्यांकन जास्त आले म्हणून मोठे कर्ज घेतले, तर हप्ताही मोठाच येतो.

१५. जास्त कर्ज मिळावे म्हणून करारात किंमत वाढवून लिहिली, किंवा काही रक्कम रोखीने दिली, तर?

दोन्ही गोष्टींपासून दूर राहावे. वाढवून लिहिलेला करार ही बँकेची फसवणूक आहे आणि त्यात एजंटही गुंततो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रोख भागामुळे आणखी एक नुकसान होते, ज्याचा विचार कमी केला जातो: कमी मोबदल्याचा दस्त नोंदला गेला की पुढे त्याच इमारतीतील प्रत्येक मूल्यांकनात तो तुलनेसाठी समोर येतो आणि शेजाऱ्यांच्या घरांच्या किमतीही खाली ओढतो.

१६. विक्रेत्याला स्वतःसाठी मूल्यांकन अहवाल हवा आहे. मी मूल्यांकनकार सुचवू शकतो का?

भांडवली नफ्याचा हिशोब, कुटुंबातील वाटणी किंवा परदेशी व्हिसा अशा कामांसाठी सुचवायला हरकत नाही. शक्यतो दोन-तीन नावे द्यावीत, त्यांची नोंदणी ग्राहकाला तपासायला सांगावी आणि त्यांच्याकडून दलाली घेऊ नये. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घरासाठी त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते, पण ते त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर निर्देशांकाविना, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता, १२.५ टक्के कर आहे; त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशोब अधिक फायद्याचा ठरत असल्यास त्याचा लाभ मिळतो. कोणता हिशोब घ्यायचा हे सनदी लेखापालाने सांगावे, एजंटाने नव्हे. हाच अहवाल खरेदीदाराची बँक स्वीकारेल, असे आश्वासनही देऊ नये.

१७. घरात भाडेकरू आहे आणि तो पाहणी करू देत नाही. शेजारचा तसाच फ्लॅट दाखवला तर चालेल का?

मूल्यांकनकाराला न सांगता दाखवला तर ती सरळ फसवणूक होते. भाडेकरूला त्याच्या सोयीची वेळ विचारावी, छायाचित्रांत त्याचे खाजगी सामान येणार नाही याची काळजी घ्यावी आणि भाडेकराराची प्रत मूल्यांकनकाराला द्यावी, कारण घराचा ताबा कोणाकडे आहे ही बाब अहवालात येते. तरीही प्रवेश मिळाला नाही तर तसे बँकेला कळवावे आणि पाहणी पुढे ढकलावी.

१८. पॅनेलवरचा मूल्यांकनकार माझा नातेवाईक निघाला. गप्प बसलो तर काय होईल?

गप्प बसू नये. पाहणीच्या आधी खरेदीदारामार्फत बँकेला एका ओळीचा ईमेल पाठवला की बँक दुसऱ्याला नेमते आणि व्यवहार दोन-चार दिवसांनी लांबतो. अहवाल आल्यानंतर हे नाते उघड झाले, तर अहवाल बाद होऊन प्रक्रिया नव्याने सुरू होऊ शकते, मूल्यांकनकाराचे पॅनेलवरील स्थान धोक्यात येते आणि विक्रेत्याशी ठरलेली मुदत संपली तर खरेदीदाराचे टोकनही अडकते. तो नातेवाईक नसून व्यवसायातील भागीदार असला, किंवा त्याच्याच संस्थेने याच घराचा विक्रेत्यासाठी अहवाल केला असला (प्रश्न १६), तरीही हेच करावे.